नाव बुडावर

१

"नाव बुडावर! झाकणावर नाही, बुडावर! किती वेळा सांगू?"

सोमवारचा पहिलाच तास, आणि मॅडमचा घसा बसायला आला होता. समोर पहिल्या वर्षाची बॅच काचेच्या पसरट, झाकणवाल्या बश्या घेऊन उभी होती. लॅबमध्ये त्या बशीला सगळे प्लेट म्हणतात. तिच्यात अगारची जेली ओतायची, जेलीवर जिवाणू वाढवायचे आणि आत काय आहे ते मेणपेन्सिलीने प्लेटच्या बुडावर लिहायचं. एवढंच. पण दरवर्षी नवी बॅच येई आणि दरवर्षी झाकणावरच लिही. बुडावरच का, हे कुणी विचारत नसे, आणि आपणहून सांगत बसायला मॅडमला वेळ नसे.

ती विभागातली डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्राध्यापकांच्या लेखी थोडी मोठी विद्यार्थिनी आणि विद्यार्थ्यांच्या लेखी थोडी लहान प्राध्यापक. बोलणी दोन्हीकडची. टेबलावर न तपासलेल्या जर्नलांचा ढीग होता, उद्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची परीक्षा होती, बाहेरून परीक्षक येणार होते, आणि एवढं कमी पडलं म्हणून की काय, दारात लॅबचे शिपाई मामा येऊन उभे राहिले.

"सरांनी बोलावलंय. लगेच."

"काय झालं?"

"मला काय माहीत? ओरडतायत."

विभागप्रमुख सर आतल्या लॅबमध्ये इन्क्युबेटरसमोर उभे होते. जिवाणूंना ऊब देणाऱ्या त्या कपाटातून काढलेल्या सहा प्लेटा टेबलावर मांडल्या होत्या. आणि टेबलाच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, मुंगी.

मुंगी शेवटच्या वर्षाची. सदानकदा मान खाली घालून काहीतरी धूत, पुसत, मोजत असायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. कॉलेजच्या मागच्या बागेतल्या मातीतून तिने एक सूक्ष्मजीव शोधून काढला होता आणि त्याचा अर्क जिवाणूंना मारतो, असं तिच्या प्रोजेक्टचं म्हणणं होतं.

"बघा," सर म्हणाले, "तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीचे पराक्रम."

प्रयोग साधा होता. सहाही प्लेटांत जिवाणूंचा दुधी थर. प्रत्येकीच्या मधोमध जेलीत एक भोक. तीन प्लेटांच्या भोकात मुंगीचा अर्क. उरलेल्या तीन तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल. त्यांच्या भोकात नुसतं साधं द्रावण. अर्कात दम असेल तर त्याच्या भोकाभोवती जिवाणू मरून स्वच्छ वर्तुळ पडायला हवं. कंट्रोलमध्ये पडता कामा नये. शुक्रवारी सकाळी मुंगीने पाहिलं तेव्हा अगदी तसंच पडलं होतं. तसा अहवाल तिने लगेच सरांकडे देऊनही टाकला होता.

आणि आता? 'अर्क' लिहिलेल्या तीन प्लेटांपैकी एकीतच वर्तुळ होतं, बाकी दोन कोऱ्या. 'कंट्रोल' लिहिलेल्या तीनपैकी मात्र दोघींत झकास वर्तुळं!

"अहवालात एक आणि प्लेटमध्ये भलतंच," सर म्हणाले. "म्हणजे निकाल घरी बसून लिहिलाय. उद्या परीक्षकांसमोर माझं नाक कापायचं होतं का? प्रोजेक्ट रद्द. वर्ष पुन्हा कर. आणि उन्हाळ्यात संशोधन संस्थेत जायला विभागातून जे एक नाव जातं ना, तेही तुझं आता कापतो."

"सर, मी बुडावर लिहिलं होतं," मुंगी कशीबशी म्हणाली.

"बुडावरचं राहू दे. वर्ष बुडायची वेळ आलीय, त्याचं बघ."

मॅडमने एक प्लेट उचलली. झाकण खडखडलं. दुसरी उचलली, तर तिचं झाकण इतकं घट्ट की काढताना नख दुखलं. काय ही विभागाची भांडीकुंडी! नव्या मागवा, नव्या मागवा म्हणून ओरडायचं आणि जुन्या-नव्याची भर तेवढी पडत राहायची. वैतागून ती प्लेट खाली ठेवणार तोच तिला आतला पुंजका दिसला. जेलीच्या कडेला, कापसासारखा, हरभऱ्याएवढा. बुरशी.

तिने बाकीच्या प्लेटा पाहिल्या. सहाच्या सहा प्लेटांत बुरशी.

"वर अस्वच्छताही," सर म्हणाले.

मॅडमने मुंगीकडे पाहिलं. टेबल पुसलेलं फडकंसुद्धा घडी घालून ठेवणारी ही मुलगी. तीन वर्षांत हिच्या एका प्लेटला कधी बुरशी लागली नव्हती.

"सर, संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मी शोधते काय झालं ते."

शब्द तोंडातून गेले आणि तिने जीभ चावली. हात दाखवून अवलक्षण ते हेच! ती जर्नलं आता कोण तपासणार, सरांचा मेहुणा?

"संध्याकाळपर्यंत," सर म्हणाले. "मग परीक्षा विभागाला पत्र जाईल. आणि तोवर या प्लेटांना मुंगीने हात लावायचा नाही."

सर गेले. मॅडमने प्लेटा ट्रेमध्ये भरायला घेतल्या आणि तिचा हात थांबला. नावं झाकणांवर होती. सुबक, छापील स्टिकर.

तिने एक प्लेट उलटी केली. मग दुसरी. मग सगळ्याच.

बुडं आरशासारखी स्वच्छ होती. कुणीतरी पुसली होती.

२

मुंगी जिन्यात बसली होती.

"रडू नकोस."

"रडत नाहीये मॅडम. राग आलाय."

"उत्तम. मलाही आलाय. स्टिकर तुझे?"

"नाही. मी बुडावर मेणपेन्सिलीने लिहिलं होतं. शुक्रवारी सकाळी वर्तुळं मोजली, अहवाल दिला आणि दुपारी मावशीकडे गेले, तिला बरं नाहीये म्हणून. आज आले तर हे."

"मग स्टिकर कुणी लावले असतील?"

प्रोजेक्टमधल्या जोडीदाराचं नाव घेणं मुंगीच्या जिवावर आलं होतं. पण जोडीदार कोण ते सगळ्या विभागाला माहीत होतं.

त्याला उद्या म्हणत. कुठलंही काम सांगा, "उद्या करतो" हे त्याचं उत्तर. प्रोजेक्टमध्ये दोन नावं असावी लागतात म्हणून मुंगीच्या नावाशेजारी त्याचं होतं. तो कँटीनमध्ये चहाचा कप दोन्ही हातांत धरून सापडला.

"स्टिकर तू लावलेस?"

"कुठले स्टिकर?"

"उद्या!"

"हां, ते. हो, मीच. म्हणजे मला लावायला लावले."

"कुणी?"

उद्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सरांनी. म्हणाले, परीक्षकांना वरून वाचता यायला हवं. ते मेणपेन्सिलीचं गिचमिड काय दाखवायचं? छापील लाव आणि खालचं स्पिरिटने पूस."

"आणि तू पुसलंस? तीन वर्षं मी घसा फोडून सांगतेय आणि..."

"मॅडम, तुम्ही म्हणता बुडावर, सर म्हणतात झाकणावर. विभागात कुणाचं चालतं ते तुम्हाला माहीत नाही होय?"

उत्तर बिनतोड होतं. त्यामुळे मॅडमचं डोकं आणखीच तापलं.

"मग चुकीचे चिकटवले असशील. मुंगीच्या नशिबी तुझ्यासारखा..."

"शप्पथ मॅडम!" उद्याने कप खाली ठेवला. "एकेक प्लेट उचलली, खालचं वाचलं, वर स्टिकर लावला, मग खालचं पुसलं. झाकण उघडलंसुद्धा नाही. आयुष्यात एक काम सांगितलं त्याच दिवशी केलं आणि तेच अंगाशी आलं. यापुढे कधी करणार नाही."

त्याच्या चेहऱ्यावरची वेदना खरी वाटत होती. खोटं बोलायलाही थोडे कष्ट लागतात, आणि कष्टांशी उद्याचं जमत नसे.

"मग ट्रेचं काय केलंस?"

"मामांच्या हातात दिला आणि घरी गेलो. पण मॅडम..." तो जरा पुढे वाकला. "आज सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये कोण होतं, विचारलंत का? पहिली होती. इन्क्युबेटर उघडून उभी. मुंगीचं नाव कापलं तर कुणाचं नाव जाणार, सांगा बघू?"

३

वर्गात पहिली, रांगेत पहिली, प्रश्न संपायच्या आत हात वर करण्यात पहिली. म्हणून तिचं नाव पहिली. उन्हाळ्याच्या संशोधनासाठी विभागाने मुंगीला निवडलं तेव्हा दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. वाचनालयात तिच्यासमोर मॅडम बसली आणि पहिलीने पुस्तक मिटलं.

"मला माहितेय तुम्ही का आलात. मी माझ्या प्लेटा काढायला गेले होते. मुंगीच्या प्लेटांना हात लावला नाही."

"तिचं नाव गेलं तर तुझं लागेल."

"लागेल. मला हवंच आहे ते. पण मॅडम, मला तिचं वाटोळं करायचं असतं तर तिचा अर्क सिंकमध्ये ओतला असता. तो पुन्हा करायला महिना जातो. प्लेटा काय, एका दिवसात पुन्हा लावता येतात." पहिलीने जणू पेपरातलं उत्तर लिहावं तसं बोलून टाकलं. "आणि ऐकलं की बुरशीही आलीय. केवढी आहे?"

"हरभऱ्याएवढी."

"मग मी नाही," पहिली म्हणाली आणि तिने पुस्तक उघडलं.

मॅडम तशीच समोर बसून राहिली. कार्टी उद्धट होती, पण बरोबर होती. हवेतल्या बुरशीचा बीजाणू जेलीवर पडला तर लगेच काही दिसत नाही. कापसासारखा पुंजका व्हायला दोन-तीन दिवस तरी लागतात. आज सकाळी उघडलेल्या प्लेटमध्ये आज सकाळी हरभरा उगवत नाही. शनिवार-रविवार लॅबला कुलूप, म्हणजे प्लेटा उघडल्या गेल्या त्या शुक्रवारीच. आणि एखाददुसरी नव्हे. सहाच्या सहा, बराच वेळ उघड्या राहिलेल्या.

शुक्रवारी उद्याने ट्रे मामांच्या हातात दिला होता.

मामा धुण्याच्या खोलीत काचेच्या नळ्या आपटत होते. धूत होते असं त्यांचं म्हणणं.

"मामा, शुक्रवारी उद्याने ट्रे तुमच्याकडे दिला?"

"दिला."

"मग?"

"मग ठेवला."

"कुठे?"

"इन्क्युबेटरात. आणखी कुठे ठेवणार, डोक्यावर?"

"प्लेटा उघडल्यात?"

मामांनी नळ बंद केला. "मॅडम, इतकी वर्षं झाली, मी एक झाकण उघडलेलं नाही. आत काय काय पाळता तुम्ही लोक, तुमचं तुम्हाला माहीत. माझ्या घरी नातवंडं आहेत."

"पडला का ट्रे? खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही."

"पडला असता तर फुटल्या नसत्या का? फुटल्या का? नाही ना? मग!" मामा आता पेटले. "आणि त्या मुंगीला सांगा जरा. प्लेटा धुवायला बसली की अर्धा दिवस माझं सिंक अडवून बसते. जुनी जाड झाकणं जुन्या जाड बुडांना, नवी पातळ झाकणं नव्या पातळ बुडांना. जोड्या लावत बसते, लग्नं जमवायला घेतल्यासारखी! मी म्हटलं, पोरी, काच ती काच. तर म्हणते कशी, नाही मामा, ज्याचं त्याला."

"बरं, बरं," मॅडम म्हणाली. मामांची गाऱ्हाणी एकदा सुरू झाली की सेवानिवृत्तीपर्यंत पोचत.

ती आपल्या खोलीत येऊन खुर्चीत कोसळली. उद्याने प्लेटा उघडल्या नाहीत. पहिलीने हात लावला नाही. मामांनी जिथे सांगितलं तिथे ठेवल्या. सगळे धुतल्या तांदळासारखे, आणि मुंगीचं मात्र वर्ष जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशी!

टेबलावरचा फोन थरथरला. सरांचा निरोप होता.

'पत्र टाइप झालं आहे. फक्त सही बाकी.'

४

रिकाम्या पोटी वैतागण्यात अर्थ नव्हता. तिने डब्यासाठी पिशवीत हात घातला आणि हात ओला झाला.

भाजीचा रस. पिशवीभर. आणि घरी नेऊन तपासायची म्हणून आत कोंबलेली अर्धी जर्नलं हळदीने पिवळीधमक.

तिने फोन लावला. "आई! डबा गळाला! मुलांची जर्नलं भिजली!"

"झाकण नीट लावलं नसशील," आई म्हणाली.

"तूच लावलंस!"

"मग नीटच लावलं असेल."

"नीट? अगं हे या डब्याचं झाकणच नाहीये. खुळखुळ्यासारखं हलतंय."

"मग त्यात एवढं ओरडायला काय झालं? चारही डबे धुऊन ओट्यावर होते, झाकणं एकीकडे काढलेली. तुझी घाई. जे हाताला आलं ते बसवलं. बसलं ना?"

"बसलं, पण..."

"बसलं ना? मग झालं तर. आणि आधी जेव, पोटात काही नसलं की तुझी अशीच चिडचिड होते."

आईने फोन ठेवला. मॅडम मात्र फोन कानाशी धरून तशीच बसून राहिली. हातातलं झाकण तिने डब्यावर ठेवून हलवलं. खडखड. पुन्हा हलवलं. खडखड.

सकाळी हाच आवाज तिने ऐकला होता.

एक झाकण खडखडणारं. एक इतकं घट्ट की नख दुखावं. आणि मामा काय म्हणाले होते? ज्याचं त्याला.

ती जिन्यात धावली. मुंगी तिथेच होती.

"प्लेटा कुठल्या घेतल्या होत्यास? जुन्या की नव्या?"

"अर्कासाठी तिन्ही जुन्या, जाड काचेच्या. कंट्रोलला नव्या पातळ." मुंगीने मान आणखी खाली घातली. "खरं तर दोन्हीकडे दोन्ही मिसळायला हव्या होत्या, नाहीतर कुणी म्हणेल फरक काचेमुळे पडला."

"त्याचे मार्क मी सावकाश कापते. आत्ता इथून हलू नकोस."

काय झालं ते आता कळलं होतं. कुणी केलं ते राहिलं होतं. सहाही प्लेटा एकाच वेळी उघडायची गरज कुणाला पडेल? खोडसाळपणा करणारा एखादी उघडेल, पटकन काहीतरी करेल आणि पळेल. सगळ्या उघड्या टाकून बराच वेळ कोण बसेल?

धुण्याच्या खोलीत मामा आता बाटल्या आपटत होते.

"मामा, शुक्रवारी ट्रे इन्क्युबेटरात ठेवलात. तो उचललात कुठून?"

"सरांच्या खोलीतून."

मॅडमने डोळे मिटले. "ट्रे सरांच्या खोलीत गेला होता?"

"सर म्हणाले आणा, मी नेला. सर म्हणाले न्या, मी आणला."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"सकाळी तुम्ही विचारलंत कुठे ठेवला. कुठून आणला ते कुठे विचारलंत?"

मॅडम काही बोलली नाही. बोलली असती तर नोकरी गेली असती, तिची किंवा मामांची. तिने खिशातून फोन काढला आणि विभागाचा ग्रुप उघडला. सुप्रभात, सुविचार आणि फुलांचे फोटो यांचा मारा सहन न होऊन तिने तो कधीचाच मुका करून ठेवला होता. बोटाने ढकलत ढकलत ती शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत पोचली.

सरांनी टाकलेला एक फोटो. खाली ओळ: 'आमच्या विद्यार्थ्यांचं उत्कृष्ट काम.' त्याखाली अंगठ्यांची रांग.

फोटोत सहा प्लेटा होत्या. दुधी थर, स्वच्छ वर्तुळं, सगळं कसं लख्ख. फारच लख्ख. काचेवर ट्यूबलाइटची चमक नाही, पाण्याचा एक थेंब नाही.

आणि फोटोच्या कोपऱ्यात, अर्धवट कापली गेलेली, उलटी ठेवलेली झाकणं.

आता सरांना सरांचंच नाव सांगायचं होतं.

५

सरांच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. मुंगी, उद्या, पहिली, आणि दाराशी मामा. टेबलावर ट्रे होता आणि ट्रेशेजारी ते पत्र.

"सर, एक छोटा प्रयोग," मॅडम म्हणाली. "सहाही झाकणं काढून बाजूला ठेवा. आता ज्या बुडाला जे झाकण नीट बसेल ते बसवा. स्टिकर वाचू नका, नुसतं बसतंय का बघा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"पाच मिनिटांचाच आहे, सर."

सरांनी कपाळाला आठ्या घालून एक झाकण उचललं. ते खडखडलं. "हे सैल आहे."

"मग दुसऱ्या प्लेटवर बघा."

जुनी बुडं जाड आणि जराशी रुंद होती, नवी पातळ आणि आटोपशीर. जुनं झाकण नव्यावर खुळखुळे, नवं झाकण जुन्यावर अडकून बसे. सरांनी दोन झाकणं बदलली, मग आणखी दोन. शेवटी सहाही झाकणं चपखल बसली. एकही आवाज करेना.

"आता वाचा, सर."

तिन्ही जाड प्लेटांवर 'अर्क'. तिन्हींत वर्तुळं. तिन्ही पातळ प्लेटांवर 'कंट्रोल'. तिन्ही कोऱ्या. मुंगीच्या अहवालात होतं अगदी तसं.

सरांची मूठ टेबलावर आदळली.

"म्हणजे झाकणांची अदलाबदल झाली! कोण तो बेजबाबदार माणूस? उद्या, तूच ना?"

"मॅडम!" उद्या किंचाळला.

"तो नाही, सर. त्याने स्टिकर चुकीचे लावले असते तर झाकणं जुळवल्यावरही घोळ राहिला असता. तो राहिला नाही. म्हणजे स्टिकर बरोबर लागले आणि झाकणं नंतर हलली. पहिलीही नाही. ती आज सकाळी आली आणि बुरशी शुक्रवारची आहे. मामा झाकणाला हात लावत नाहीत."

"अजिबात नाही," मामा दारातून म्हणाले.

"मग कोण?"

मॅडमने एक श्वास घेतला. "त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, सर. त्याने सहाही झाकणं एकदम काढली आणि उलटी ठेवली. त्यामुळे स्टिकर खाली दबले. परत लावताना कुठलं कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता, कारण बुडावरचं सगळं आधीच पुसलं होतं. मग जे हाताला आलं ते बसवलं. आणि झाकणं काढली तरी कशासाठी? आतून पाण्याचे थेंब धरले होते, वरून ट्यूबलाइट चमकत होती. त्याला चित्र स्वच्छ हवं होतं."

सरांचा हात नकळत खिशातल्या फोनवर गेला.

"म्हणजे फोटो?" उद्या म्हणून गेला आणि पहिलीने त्याच्या पायावर पाय दिला. मामा छताकडे बघायला लागले.

सरांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थेंबांमुळे काहीच दिसत नव्हतं," ते अखेर म्हणाले. "मध्येच एक फोन आला. जरा लांबला." मग बऱ्याच वेळाने, "फोटो मात्र छान आला होता."

त्यांनी ते पत्र उचललं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "ठीक आहे, मुंगी. तुझा अहवाल ग्राह्य. याच प्लेटा उद्या दाखव."

मॅडमने सुटकेचा श्वास सोडला. जर्नलं. आता फक्त ती हळदीची जर्नलं.

"नाही, सर," मुंगी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिची मान वर होती.

"यांत बुरशी आहे. झाकणं जुळवून काढलेला निकाल मी परीक्षकांना दाखवणार नाही. अर्क फ्रिजमध्ये आहे. आत्ता नव्या प्लेटा लावल्या तर सकाळपर्यंत जिवाणू वाढतील."

"अगं, सुटलीस ना आता!" मॅडमच्या तोंडून निघून गेलं. "आणि उद्या वर्तुळ नाही आलं तर?"

"तर नाही आलं असं लिहीन."

"तुझं नाव जाईल," सर म्हणाले.

"हो, सर."

पहिलीने बाह्या वर केल्या. "चल, जेली मी ओतते. आणि या वेळी जुन्या-नव्या प्लेटा दोन्हीकडे मिसळून घे, नाहीतर परीक्षक तेच धरून बसतील."

"मी पण येतो," उद्या म्हणाला.

"उद्या?" मुंगीने विचारलं.

"आत्ता," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

६

परीक्षक बारीक अंगाचे, तिरसट चेहऱ्याचे गृहस्थ होते. आदल्या दोन प्रोजेक्टांवर त्यांनी नुसतं "हं" म्हटलं होतं. मुंगीच्या टेबलापाशी ते थांबले. सहा प्लेटा, झाकणं कोरी.

"यात कुठली कोणती?"

मुंगीने एकेक प्लेट उचलून उलटी केली. बुडांवर मेणपेन्सिलीची तिची बारीक अक्षरं होती. जाड प्लेट, अर्क, वर्तुळ. पातळ प्लेट, अर्क, वर्तुळ. जाड, कंट्रोल, कोरी. शेवटच्या प्लेटला ती पोचेपर्यंत मॅडमने श्वास रोखून धरला होता. पातळ, अर्क. वर्तुळ, गोल गरगरीत.

परीक्षकांनी ती प्लेट उजेडात धरली. पट्टीने वर्तुळ मोजलं, पुन्हा मोजलं. "हं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उन्हाळ्यात आमच्या संस्थेत तूच येणार ना? बरं आहे." आणि प्लेट खाली ठेवताना बुडावर बोट टेकवून त्यांनी सरांकडे पाहिलं. "हे चांगलं. हल्ली सगळे झाकणावर लिहितात."

"आमच्या विभागात नाव बुडावरच," सर छाती काढून म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. त्यात अजिबात तडजोड नाही."

उद्याला जोरात ठसका लागला. पहिलीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, जरुरीपेक्षा मोठा. मॅडमने खिडकीबाहेर पाहत ओठ आवळून धरले. एवढं चांगलं झालं होतं, आता हसून नोकरी घालवण्यात अर्थ नव्हता.

ती बाहेरच्या लॅबमध्ये आली. पहिल्या वर्षाची बॅच कालच्यासारखीच उभी होती, आणि पुढच्याच टेबलावर एक मुलगी जीभ दातांत धरून, मन लावून, झाकणावर आपलं नाव काढत होती. खाली फूलही काढलं होतं.

मॅडमने तोंड उघडलं. मुलीने वर पाहिलं आणि घाबरून मेणपेन्सिल खाली ठेवली.

"माहितेय मॅडम. बुडावर." मग जरा थांबून, "पण का?"

टेबलावर पिवळी जर्नलं वाळत पडली होती. एकही तपासून झालं नव्हतं. मॅडमने त्यांच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि पायाने एक स्टूल ओढलं.

"बस," ती म्हणाली. "सांगते."